तिसरा ग्लास

सयाजीची बायको बयाबाई गेल्याचं कळलं, तेव्हा मंगळवार पेठेतल्या परमिट रूमवाल्या धोंडीरामला आधी तिची बाटली आठवली. नवऱ्याचे दोन ग्लास झाले की तिसऱ्यात दारू नाही, त्या बाटलीतला कोरा चहा ओतायचा, असा शब्द तिनं त्याच्याकडून घेतला होता. बाटली रोज तीच गुपचूप भरून द्यायची. आणि सयाजी नेमका त्या तिसऱ्या ग्लासावरच झुलायचा.

तेराव्यानंतर सयाजी आला. दुःखातला माणूस, म्हणून धोंडीरामनं तिसराही खराच भरला.

एक घोट घेऊन सयाजी खवळला. "पयलं दोन ग्लास झकास हुतं की, धोंडीबा! ह्यात पाणी घातलंस व्हय? माझी रोजची कडक दे!"



बयाबाई चहात काय घालायची, ते विचारायचं धोंडीरामचं राहून गेलं होतं.