चाखणाऱ्याचा घोट

"बादली कुठे ठेवली आहेस?" आत आल्या आल्या बाबांनी विचारलं.

मुलगी बिअरच्या उंच टाकीपाशी उभी होती. "बादली कशाला?"

"थुंकायला. मी गिळणार नाही, फोनवरच सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. चौतीस वर्षं चहा चाखायची नोकरी केलेला माणूस. दिवसाला दोन-दोनशे कप चमच्याने तोंडात ओढायचे, जिभेवर घोळवायचे आणि थुंकून टाकायचे. दारूला मात्र जन्मात शिवले नव्हते. मुलीने छोटी ब्रुअरी काढून तीन वर्षं झाली, तरी त्यांनी कधी तिच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मुलगी काय करते असं कोणी विचारलं, तर "खाण्यापिण्याच्या धंद्यात आहे" म्हणून विषय बदलायचे.

आज आले ते तिने गळ घातली म्हणून. आठ दिवस सर्दीने तिचं नाक चोंदलं होतं. उद्या गावातल्या सगळ्या ब्रुअऱ्यांचा मेळा, संध्याकाळपर्यंत पिंपं भरायची, आणि टाकीत काय शिजलंय ते तिला स्वतःलाच कळत नव्हतं. नाक बंद असलं की बिअर काय आणि बटाट्याचं पाणी काय, सारखंच. अशा वेळी डोळे मिटून विश्वास टाकावा असं एकच नाक तिला ठाऊक होतं.

बाबांनी रुमालात गुंडाळलेला चमचा खिशातून काढला. "सकाळी दोन ठिकाणी जाऊन आलो. चौकातली आणि ती नदीपलीकडची."

"तुम्ही? ब्रुअरीत?"

"मग? तुलना नको का करायला? एकाच कपावरून कोणी निकाल देतं का? चौकातलं पाणचट आहे. नदीपलीकडच्याने संत्र्याची साल घातलीय, ते बरं होतं. पण त्या मालकाचं तोंड असं झालं! म्हणतो, आजोबा, आवडली नाही तर तसं सांगा, थुंकता काय?"

मुलगी खो खो हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

तिने ग्लास भरला, पायाशी बादली ठेवली. बाबांनी ग्लास उजेडात धरला, मग नाक आत घालून बराच वेळ तसेच उभे राहिले. चमचा बुडवून सुर्रकन असा ओढला की भिंतीपलीकडेही ऐकू जावं. घोळवलं, थुंकले, चमचा पुसला.

"लोण्याचा वास येतोय."

तिने टाकीकडे वळून बघितलं. लोण्याचा वास म्हणजे यीस्टचं काम अजून पुरं झालेलं नाही. "फार?"

"फार नाही. दहातल्या आठ जणांना कळायचंही नाही."

"आणि कडवटपणा?"

"जिभेला काही लागला नाही."

"जिभेला पूर्ण कळतच नाही बाबा. बिअरचा कडवटपणा घशात कळतो. म्हणून आमच्यात कोणी थुंकत नाही."

बाबा थबकले. "म्हणजे सकाळी मी त्या दोघांचा अर्धाच निकाल दिला?"

"हो."

त्यांचा चेहरा पडला. चोरी करताना पकडले गेले असते तरी एवढे ओशाळले नसते.

"राहू द्या," ती घाईने म्हणाली. "वासाचं कळलं, तेवढं पुष्कळ झालं. तुम्हाला नको असलेलं मी करायला लावणार नाही."

"अर्धा निकाल मी देत नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला, ग्लास उचलला आणि औषध घ्यावं तसे डोळे मिटून एक मोठा घोट घेतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मुलगी बघत राहिली.

"कडू आहे," ते सावकाश म्हणाले. "पण रेंगाळत नाही. येतं, आपलं म्हणणं सांगतं आणि जातं. हात चांगला बसलाय तुझा."

तीन वर्षं ती याच शब्दांसाठी झुरत होती. तिने पाठ फिरवली आणि सर्दीच्या निमित्ताने नाक-डोळे दोन्ही पुसून घेतले. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "आणि लोणी?"

"ते आहेच. पोरीचं काम म्हणून मी नाक बंद करून घेऊ का?"

टाकी तीन दिवस जरा उबदार ठेवली, तर यीस्ट तो वास आपणहून खाऊन टाकतं. पण मेळा उद्या होता. वर्षातून एकदाच भरणारा. तिथे नाव झालं की वर्षभर गिऱ्हाईक शोधत येतं.

"दहातले आठ..." ती पुटपुटली.

"माझं काम सांगायचं," बाबा म्हणाले. "पाठवायचं की थांबवायचं, ते मालकाने ठरवायचं."

आजवर त्यांनी तिला मालक म्हटलं नव्हतं. तिने एकदा रिकाम्या पिंपांकडे बघितलं. मग टाकीशेजारच्या डब्यावरचं बटण दाबून तिने तापमान दोन अंशांनी वाढवलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मेळ्याचे व्यवस्थापक. पिंपं न्यायला गाडी कधी पाठवू, हेच विचारणार होते. तिचा हात फोनपर्यंत गेला आणि तिथेच अडला. इतक्या आर्जवाने मिळवलेली जागा आपल्याच तोंडाने कशी सोडायची?

बाबांनी फोन उचलला.

"नाही, गाडी पाठवू नका. मी तिचा बाप बोलतोय." पलीकडचा माणूस बरंच काही बोलत राहिला. बाबांनी ऐकून घेतलं. मग सगळ्या गावाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "बिघडायला काय झालंय? आमची बिअर तयार व्हायला अजून तीन दिवस आहेत."