दारासमोरची झाडं

"मॅडम, घरासमोरची झाडं दिसत नाहीत. कुठं गेली?" आल्प्समधलं आमचं सुट्टीचं घर सांभाळणारा योसेफ महिन्याची रजा संपवून खालच्या गावात परतला होता आणि तिथूनच फोनवर विचारत होता.

"मीच तोडायला लावली. मुख्य दारासमोर झाडं म्हणजे वास्तुदोष! दोन हिवाळे तिकडे कुत्रंही फिरकलं नाही. आता बघ, मार्चपर्यंत स्कीवाल्यांचं बुकिंग फुल्ल."

"माझ्या आजोबांनी लावली होती ती, वरून कोसळणारा बर्फ अडवायला. तीन दिवस बर्फ पडलाय आणि आज कडक ऊन आहे. रस्ता बंद आहे. आत कोणी असेल तर आधी बाहेर काढा."

भाडेकरूंचा फोन नुसता वाजत राहिला. मी मोबाईलवर तिथल्या दारावरचा कॅमेरा उघडला. त्यांची मुलं अंगणात बर्फाचा बाहुला करत होती. धाकटीनं माझ्याकडे बघून हात हलवला. तिच्यामागे अख्खा डोंगर दिसत होता. मध्ये काहीच नव्हतं.