पान उघडेपर्यंत

पान उघडलं नाही. वडिलांनी पुन्हा कळ दाबली. पडदा पांढराफटक, वर तेच वाक्य : ही साइट उघडता येत नाही.

मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून होती. पायात बूट, मांडीवर ऑफिसची बॅग. बाहेरच्या खोलीत तिचा मोठा भाऊ बसला होता. त्याच्या पायाशीही एक बॅग होती. तिच्यात वडिलांचे कपडे होते. वडिलांना वाटत होतं, तो सहज आलाय.

त्या जुन्या संगणकावर वडिलांनी स्वतः लिहिलेला एक जावा प्रोग्राम होता. वाचनालयाचं कोणतं पुस्तक कोणाकडे आहे, ते दाखवणारा. वाचनालय केव्हाच बंद पडलं होतं. प्रोग्राम मात्र घरच्या सर्व्हरवर अजून चालायचा. सर्व्हर म्हणजे काही वेगळं यंत्र नव्हे. त्याच संगणकात पडद्यामागे चालणारा आणि ब्राउझरला पान पुरवणारा दुसरा प्रोग्राम. वडिलांनी नोकरीभर अशाच सर्व्हरांची दुखणी शोधली होती. मुलीलाही ही विद्या त्यांनीच शिकवली होती.

आई गेली आणि वडिलांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, हातात मुरलेलं काम रोज करायला द्या. म्हणून मुलगी पहाटे उठून सर्व्हरमध्ये मुद्दाम एक बिघाड करून ठेवायची. वडील तो शोधायचे. पान उघडलं की ती बॅग खांद्यावर टाकून निघायची. मग संध्याकाळपर्यंत त्यांना सोबत मदतनीस बाईंची, आणि बाईंना टीव्हीची.

भावाला हे पटत नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं. जोवर वडील पान उघडतात, तोवर ते घरात. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी शहराबाहेरच्या केंद्रात. तिथे अशा माणसांना सांभाळतात. वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

सुरुवातीला चहा निवायच्या आत बिघाड सापडायचा. मग आंघोळी आटपेपर्यंत वेळ लागू लागला. मग तिला ऑफिसात बोलणी बसू लागली. तिने बिघाड सोपे केले. आधी ती एखादी फाइल कुठेतरी दडवायची. नंतर नुसता पोर्टचा आकडा बदलायची, म्हणजे दारावरचा घर नंबर बदलावा तसं. पण बिघाड जितका सोपा, तितका वडिलांना वेळ जास्त. आज तिने काहीच बिघडवलं नव्हतं. सर्व्हर फक्त बंद करून ठेवला होता. याहून सोपं तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

वडिलांनी एक फाइल उघडली. वरपासून खालपर्यंत वाचली, बंद केली. मग तीच पुन्हा उघडली. पाणी मागितलं. चष्मा पुसला. तिचा साहेब अजून तसाच कुरकुऱ्या आहे का, ते विचारलं. कालही विचारलं होतं.

"बाबा, लॉग बघा ना," ती शेवटी म्हणाली.

आपलं काय दुखतंय, ते सर्व्हर लॉगमध्ये लिहून ठेवतो. आधी लॉग वाचा, मग देवाला हाक मारा, असं वडील नव्या पोरांना सांगायचे.

"बघू की. घाई कसली? गाडी चुकतेय का?"

त्यांनी लॉग उघडला नाही. ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर चढलं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊ मागोमाग आला.

"काय परीक्षक बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "अजून किती ग्रेस मार्क देणार?"

"दादा, सर्व्हर बंद आहे एवढंही कळलं नाही रे त्यांना. लॉगसुद्धा उघडला नाही."

तिने नळ सोडला आणि काहीच न धुता बंद केला.

"मग?"

"घेऊन जा."

भाऊ बाहेरच्या खोलीकडे वळला. बॅग उचलून तो गाडी दाराशी आणायला खाली गेला. त्याची पावलं जिन्यावर विरेपर्यंत ती ओट्याला धरून उभी राहिली. मग परत येऊन खुर्चीवर बसली. बॅग सवयीने मांडीवर घेतली. आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, सर्व्हरच बंद होता."

"माहितीये."



"मग लॉग का नाही बघितलात?"

"बंद सर्व्हर लॉगमध्ये काय लिहिणार, वेडाबाई?" ते हसले. "सकाळी पान उघडलं नाही, तेव्हाच कळलं मला."

त्यांनी पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि सर्व्हर सुरू करायची एक ओळ टाइप केली. कळांकडे न बघता, कुठेही न अडखळता. ओळींमागून ओळी वर सरकल्या. वाचनालयाचं पान उघडलं. खाली हॉर्न वाजला.

"मग इतका वेळ नुसते बसून का राहिलात?"

वडिलांनी तिच्या मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं.

"पान उघडलं की तू जातेस."