तपासाची जोडी

कतारमधल्या दोह्यात, अल थुमामा भागातल्या गिरीशच्या फ्लॅटवर तो आणि दिलावर दर शुक्रवारी एक स्पॅनिश खूनमालिका बघायचे. तिच्यात एक पुस्तकी, तरुण इन्स्पेक्टरबाई आणि एक तिरसट, म्हातारा हवालदार. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ! पुण्याचा सेफ्टी इंजिनिअर गिरीश पडद्यावरचं खालचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचा आणि रत्नागिरीचा फोरमन दिलावर पहिल्याच भागात खुनी ओळखून मोकळा व्हायचा.

"अगदी तुमचीच जोडी!" गिरीशची बायको नयना चहा देताना हसायची.

मग ते काम करत होते त्या वर्ल्डकपच्या स्टेडियमवर एक मजूर उंचावरून पडून मेला, आणि त्यांच्या कंपनीने चौकशीला नेमकी हीच जोडी नेमली. गिरीशने सेफ्टी बेल्ट तपासले, दिलावरने माणसं बोलती केली. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. काम थांबेल म्हणून मॅनेजरनेच विरलेले बेल्ट बदलू दिले नव्हते.

मॅनेजरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "उन्हाने चक्कर आली त्याला. विषय खलास," तो म्हणाला. मग सगळ्यांचे पासपोर्ट ठेवलेल्या कपाटाला टेकत त्याने मायेने विचारलं, "दिलावर, मुलीच्या लग्नाला गावी जायचंय ना?"

दोघं बाहेर आले.

त्या शुक्रवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. इन्स्पेक्टरबाईने भर ऑफिसात स्वतःच्याच साहेबाला बेड्या ठोकल्या. नयनाने टाळ्या वाजवल्या. गिरीश आज काहीच वाचून दाखवत नव्हता.

दिलावरने हळूच विचारलं,

"गिरीशभाऊ, या बाईचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात असतो?"