औषध लागू पडलं

डॉक्टर स्कॅन बघत होते. सीमंतिनीने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. काचेच्या दारापलीकडे, कॉरिडॉरमध्ये, तिचे वडील सदाशिवराव व्हीलचेअरवर बसून तिच्याकडेच बघत होते. आत यायला ते तयार नव्हते. "तूच ऐक अन् मला सांग," म्हणाले होते.

"गांठ काफी छोटी हुई है," डॉक्टर शेवटी म्हणाले. "बीमारी जड़ से तो नहीं जाएगी, लेकिन दवा असर कर रही है. आज का कीमो लगवा लीजिए. फिर हर तीन हफ्ते में."

"कब तक?"

"जब तक असर रहे. साल भी निकल सकता है."

साल. सीमंतिनीचे खांदे गळाले. वडिलांच्या, नानांच्या, फुप्फुसातला कॅन्सर पसरलाय असं कळलं तेव्हाच तिने शाळेतली नोकरी सोडली होती. भाऊ राघव पुण्याहून फोन करायचा. इथे हरिशंकरपुरमच्या घरात ती आणि नाना, दोघंच. त्यांचा खोकला, त्यांच्या उलट्या, एक पोळी खाण्यावरून होणारी भांडणं. तिकडे इंदूरला तिच्या मुलीला, श्रुतीला, आठवा महिना लागला होता. "आई, तू येशील ना?" हे विचारणंही श्रुतीने आता बंद केलं होतं. सगळं एकदम वर आलं. सीमंतिनीने कपाळ तळहातावर टेकलं आणि ती तिथेच रडली. डॉक्टरांना वाटलं, आनंदाने रडतेय. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

ती बाहेर आली तेव्हा सदाशिवरावांनी हात वर करून तिला थांबवलं.

"सांगू नकोस. काचेतून दिसलं मला."

जन्मभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती. आवाज आता उरला नव्हता, पण शब्द अजून तसेच सुटे सुटे यायचे. "फिकर नको करू. मी तयार आहे. आता कीमो नाही, काही नाही. घरी चलू. तू श्रुतीकडे जा, तिचं बघ. माझ्यासाठी माणूस ठेवू. पुष्कळ जगलो मी."

सीमंतिनीसमोर लिफ्टचं दार उघडलं. माणसं आत शिरली. लिफ्टवाल्याने दार धरून तिच्याकडे पाहिलं. व्हीलचेअर आत ढकलली की झालं. खोटं बोलायची गरजच नव्हती, फक्त गप्प राहायचं होतं. नाना स्वतःच नको म्हणत होते. थोड्या महिन्यांत... पुढचं तिने मनातही पुरं केलं नाही. तिने खुर्चीच्या मुठी धरल्या. चाकं हलली.

लिफ्टच्या अगदी दाराशी ती थांबली. लिफ्टवाल्याला तिने मानेनेच नाही म्हटलं आणि पुढे येऊन वडिलांसमोर बसली.

"नाना, गाठ लहान झालीय. औषध लागू पडलंय."

सदाशिवरावांनी विचारलं, "मग रडलीस का?"

एखादं कारण सहज सांगता आलं असतं.

"साल निघेल म्हणाले डॉक्टर. ते ऐकून... मी थकलेय, नाना. मला वाटलं, आता हे संपतच नाही."

बोलून झाल्यावर तिला त्यांच्याकडे बघवेना. मागे लिफ्ट खाली निघून गेली. तिच्या मनगटावर त्यांचा हात आला. पकड घट्ट होती.

"श्रुतीकडे तू जायचंच," ते म्हणाले. "कीमोला मी राघवला बोलावतो. तो नाही आला, तर एकटा येईन." त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. मग, कोणी ऐकेल की काय अशा हळू आवाजात, ते म्हणाले, "मघाशी तयार आहे म्हणालो ना, ते तुझा चेहरा बघून म्हणालो, सीमू. मला अजून जगायचंय."