खाडे

भागीबाईने सुतळी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. द्राक्षाच्या वेली बांधायची सुतळी ती, आणि तिला गाठी साठ. दिंडोरीहून येताना जीपमध्ये तिने त्या दोनदा मोजल्या होत्या.

"साठ दिस भरले," ती म्हणाली. "आता माझा बुधा द्या."

बाल कल्याण समितीच्या अध्यक्षबाई चहा पीत होत्या. त्यांनी आधी सुतळीकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या रूपाली मॅडमकडे. बुधाला ज्या शिशुगृहात ठेवलं होतं, तिथल्या या मॅडम. बागेत औषध मारताना झोळीतलं पोर दोनदा निळं पडलं, म्हणून भागीबाई त्याला तिथे घेऊन आली होती. अंगठा घेताना मॅडमनी सगळं नीट समजावलं होतं: हा कागद पोर कायमचं सोडल्याचा आहे, पण साठ दिवसांत मन बदललं तर ये, पोर तुझं. भागीबाईने त्यातलं साठ दिवस आणि पोर तुझं एवढंच गाठीला बांधून नेलं.

"आज तारीख काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ते नाय ठावं."

"वीस डिसेंबर. अंगठा चौदा ऑक्टोबरचा. सदुसष्ट दिवस झाले, बाई."

भागीबाईला हायसं वाटलं. गफलत कुठे झाली ते तिला लगेच कळलं. पण चुकली होती शिकलेली बाई, म्हणून तिने जपून सांगितलं. "मॅडम, तुम्ही खाडेपन धरले. दोन पावसाचे, दोन दिवाळीचे, तीन दिस मला ताप व्हता. सात खाडे. कामाला गेलं नाय तो दिस भरतो व्हय?"

दाराशी बसलेला कारकून धोंडीराम फस्सकन हसला.

"खाडे तुझ्या मुकादमाकडे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कायदा रविवारसुद्धा धरतो. आणि काय गं, सात दिवस रिकामी होतीस ना? मग त्यातल्या एखाद्या दिवशी यायला काय धाड भरली होती? दिंडोरी काय विलायतेत आहे?"

"तवा दिस कुठं भरले व्हते? भरायच्या आधी कामावरनं उठलं, तर केलेलंबी वाया जातं."

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला आणि फाईल उघडली. मुदत तेरा तारखेला संपली. सोळाला आदेश झाला, मूल दत्तक द्यायला मोकळं. सतराला ते नव्या आईबापांच्या घरी गेलंसुद्धा.

"कोनच्या गावाला?"

"सांगता येत नाही."

"लांबून बघीन. हाक नाय मारायची."

"अगं, आता तू त्याची कायद्याने कुणीच नाहीस. कोण म्हणून बघणार?" अध्यक्षबाईंनी सुतळी दोन बोटांनी उचलून तिच्यापुढे धरली. "ही घेऊन जा. धोंडीराम, पुढचं कोण आहे?"

भागीबाई बाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. मागून चपलांचा आवाज आला. रूपाली मॅडम धावत येत होत्या, हातात वही, पेन. भागीबाई उठून उभी राहिली. तिने पदर सारखा केला, जणू आत परत बोलावलंय.

"भागीबाई, एक विचारायचं होतं. रागावू नकोस हं." मॅडमनी आवाज खाली आणला. "माणसं फार चांगली आहेत गं ती. पण तीन रात्री झाल्या, पोर झोपतच नाही. पाळणा झाला, मोटारीतून फिरवून झालं. सारखे फोन येतायत. तू कसं झोपवायचीस त्याला?"



"पाळन्यात नाय झोपायचा तो," भागीबाई म्हणाली. "मांडीवर पालथा घ्यायचा. पाठीवर थोपटायचं नाय, त्यानं दचकतो. कानामागं बोट फिरवायचं, डाव्या."

"हळू, हळू. डाव्या... हं."

"गानंबिनं नको. नुसतं हूं हूं करायचं, पोटातून. त्याला अंगात ऐकू आलं पायजे."

"आणि?"

"आनखी चार दिस रडंल," भागीबाई म्हणाली. "मंग इसरंल."

रूपाली मॅडमनी तेही लिहून घेतलं.