निळी ताडपत्री

भूगोलाच्या सरांनी गवतावर निळी ताडपत्री अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि घसा खाकरून जाहीर केलं, "हे तळं समजा."

खरं तळं हाकेच्या अंतरावर होतं. मधोमध बेट, काठाला भाड्याची होडी बांधलेली. लहानपणी वाचलेल्या साहसकथांवर अजूनही जीव टाकणारी ही मंडळी दरवर्षी एकदा इथं जमायची, होडीनं बेटावर जायची आणि आवडत्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिथं मोठ्यानं वाचायची. गुडघे कुरकुरू लागले, डोक्यांवरचं छप्पर उडालं, पण बेट कधी चुकलं नव्हतं.

यंदा मंडळींच्या कप्तानचा डावा हात लुळा पडला होता. उभा जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढलेली ही बाई, अर्धांगाच्या झटक्यातून नुकती उठलेली. तिच्या मुलानं सरांना गळ घातली होती, आईला पाण्याजवळ नेऊ नका. म्हणून ही ताडपत्री. आणि तिच्यावर बेट म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची, वर मऊ उशी.

कप्तानला सगळ्यात जास्त राग आला तो उशीचा.

"सर, आपण आजवर कधी 'समजा' म्हणालोय?"

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे, कप्तान."

"होडी उलटली तेव्हा तुमची कवळी पाण्यात गेली. ती गेली असं समजलो होतो का आपण? गेलीच होती!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचा हात आपसूक तोंडावर गेला. तोवर कप्तान पाय ओढत तळ्याकडे निघालीसुद्धा.

मुलगा गाडीतून थर्मास काढत होता. तो तसाच टाकून धावला. "आई! कुठे निघालीस?"

"बेटावर."

"वेड लागलंय का तुला? एक हात चालत नाही तुझा."

"दुसरा चालतो."

ती होडीत बसली आणि उजवं वल्हं धरलं. मुलानं काठाच्या खुंटाला बांधलेला होडीचा दोर मुठीत घट्ट आवळला. मागून सर धापा टाकत आले.

"कप्तान, एका वल्ह्यानं होडी जागच्या जागी गोल फिरेल हो!"

"फिरू दे. तुमच्या ताडपत्रीवर तेवढंही व्हायचं नाही."

सरांनी वळून ताडपत्रीकडे पाहिलं. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि होडीत पाय टाकला. "सरका जरा. डावं वल्हं माझं."

ते बघून बाकीची मंडळीही चपला हातात घेऊन काठाशी आली आणि पुढच्या खेपेत कोण, यावरून भांडू लागली.

"सर, तुम्हीसुद्धा?" मुलानं दोर ओढला. होडी काठाला आपटली. "त्या दिवशी हिला उचलून दवाखान्यात नेलं ते मी. परत नाही जमायचं मला. आई, काही झालं तर?"

कप्तानला कळत होतं, पोर खरंच घाबरलं होतं. पण त्याच्या भीतीला जपायचं तर उरलेला जन्म त्या उशीवर काढावा लागणार होता, आणि ते तिला मुळीच मान्य नव्हतं.

"अरे, काही झालंच नाही तर गोष्ट कसली?"

तो दोर सोडेना. तिनंही वाट पाहिली नाही. ती वाकली, होडीच्या कडीतली गाठ दातांत धरली आणि उजव्या हातानं हिसडा दिला. दोराचं टोक सुटून पाण्यात पडलं.

"दोर ठेव तुझ्याकडे," कप्तान म्हणाली आणि वल्हं पाण्यात घातलं.